पंगतीत बसलेला माणूस

परवा रविवारी पुरणपोळ्या जरा जास्तच झाल्या. पडल्या पडल्या झोप काही लागेना म्हणून मोबाईल उशीला टेकवला आणि 'सामना' लावला. कितव्यांदा ते विचारू नका, घरचे हसतात. पण पोट तुडुंब भरलेलं असताना हा सिनेमा मी पहिल्यांदाच बघत होते आणि त्यामुळेच असेल, इतक्या वर्षांत न दिसलेली एक गोष्ट एकदम डोळ्यात खुपली. मास्तर दुसऱ्याचं खातोय. म्हणजे डॉ. लागूंचा मास्तर हो, तो फाटका, गांधींच्या काळातला, सगळं गमावून दारूत बुडालेला म्हातारा. राहतो साखरसम्राट हिंदुरावाच्या, म्हणजे निळू फुलेंच्या, वाड्यात, जेवतो हिंदुरावाचं, पितो हिंदुरावाचं आणि त्याच हिंदुरावाला विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं?

मी सिनेमा थांबवला आणि उठून पाणी प्यायले.

आता हा प्रश्न आपल्याला पाठ आहे. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला, कुणी बघितला नसेल तरी एवढं एक वाक्य माहीत असतं. फौजेतून आलेला मारुती कांबळे गायब झालाय, सगळ्या गावाला माहितीये काय झालं ते, आणि कुणी बोलत नाही. मग बाहेरून आलेला एक दारुडा विचारत सुटतो. मी आजवर मास्तरला हीरो म्हणूनच बघत आले, एकटा माणूस, हातात काही नाही, फक्त प्रश्न. पण ह्या वेळेला प्रश्नाऐवजी मला ताट दिसलं. तो ज्याच्या पंगतीला बसलाय त्यालाच विचारतोय. आणि गंमत म्हणजे त्यामुळे मास्तर माझ्या नजरेत उतरला नाही, उलट जवळचा वाटला, कारण उपाशी राहून प्रश्न विचारणारी माणसं मी आयुष्यात फार बघितलेली नाहीत आणि मी स्वतः तर त्यातली नाहीच.

पहिल्यांदा 'सामना' बघितला तो गणपतीत. आमचे वडील एका साखर कारखान्यात टाईम ऑफिसला होते, कॉलनीत राहायचो. गणपतीत दोन-तीन रात्री सिनेमे असायचे. ग्राउंडवर मधोमध पडदा, पुढे साहेब लोकांच्या खुर्च्या, त्यामागे सतरंज्या आणि आम्ही पोरं मुद्दाम पडद्याच्या पलीकडे, कारण तिकडून सगळे डावखुरे दिसतात. त्या वर्षी मंडळातल्या कुणीतरी 'निळू फुलेंचा पिक्चर' म्हणून रीळ मागवलं. त्याला वाटलं असणार की तमाशा असेल, पाटलाचा इरसालपणा असेल, एक-दोन लावण्या असतील. लागला 'सामना'. साखर कारखान्याच्या कॉलनीत, कारखान्याच्याच वर्गणीतून, साखरसम्राटाचा सिनेमा!

मी सहावीत होते, कळलं फार कमी. पण पुढच्या खुर्च्या हसत होत्या हे पक्कं लक्षात आहे. हिंदुराव आपला पसारा दाखवायला लागला की मागून कुणीतरी ओरडायचं, 'आपलेच साहेब!' आणि मोठा हशा. साहेबही हसत होते, अगदी रुमालाने डोळे पुसत. कुणी चिडलं नाही, कुणी रीळ बंद करायला लावलं नाही, दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षाला कुणी बोलावून झापलं नाही. पुढे कॉलेजात सेन्सॉर, बंदी, जप्त झालेली नाटकं ह्याबद्दल खूप वाचलं आणि मला वाटायला लागलं की खरं बोललेलं सत्तेला झोंबतं, मग ती दाबते. पण त्या रात्री मी दुसराच उपाय बघितला होता, जो मला बराच उशिरा समजला. हसून पचवायचं.

वडील सतरंजीवर मांडी घालून बसले होते. ते हसले नाहीत. सकाळी चहा घेताना आईला एवढंच म्हणाले, 'मास्तराचं बरंय. मागं कोण नाही त्याच्या.' आणि चहात दुसरा चमचा साखर घातली. कारखान्याचीच साखर. दिवाळीला सवलतीत मिळायची ती आम्हाला वर्षभर पुरायची.

मराठीत खाण्याचे किती प्रकार आहेत बघा. आपण मार खातो, बोलणी खातो, भाव खातो, हवा खातो, दुसऱ्याचं डोकं खातो, गटांगळ्या खातो, अगदीच डोकं फिरलं तर शेण खातो. आणि पैसे खातो. पेपरात छापून येतं 'लाच घेताना पकडले', पण घरात कुणी तसं बोलत नाही, घरात आपण म्हणतो 'खाल्ले'. आणि मला ते जास्त बरोबर वाटतं, कारण घेतलेली वस्तू परत करता येते, खाल्लेली नाही येत, ती आपल्या अंगाला लागते. शिवाय खायला माणूस एकटा क्वचित बसतो. पंगत असते, वाढपी असतात, आग्रह असतो, उरलेलं डब्यात भरून द्यायची पद्धत असते. मला जे उपरोधिक लिखाण आणि सिनेमे अजून पुन्हा पुन्हा वाचावे-बघावेसे वाटतात ते सगळे असे पंगतीचे आहेत. ज्यात एक हलकट आणि बाकी गरीब बिचारे असतात, ते मी एकदा बघते आणि विसरते.

हे आजचं नाही बरं. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं, वय वर्षं अठ्ठावीस. त्यातला सगळा प्लॉट जेवणावळीचा आहे! एक कुणबी बाई, पोटुशी. जोशी येतो, ग्रह वाईट आहेत म्हणून घाबरवतो, मग शांती करा, अनुष्ठान करा, ब्राह्मणभोजन घाला असं करत करत त्या नवराबायकोला ऐपत नसताना खर्चात उतरवतो. मध्ये मध्ये विदूषक येऊन टोमणे मारतो. खरं सांगायचं तर नाटक म्हणून ते मला जरा सांगीव वाटतं, विदूषक गप्प बसेल तर बरं असं दोन-तीनदा होतं, आणि शेवट तर सरळ 'शाळेत चला' असा आहे. पण जोशी ज्या बेताने बोलतो ना, आधी भीती, मग धीर, मग यादी, ते इतकं अस्सल आहे की मला आमच्याकडे येणारा इन्शुरन्सवाला आठवला. तीच पद्धत, तोच आवाज, फक्त शनीच्या जागी हार्ट अटॅक.

आणि ह्या नाटकाचं पुढे काय झालं? फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं आणि कमिटीने नापसंत केलं. फंडाचं नाव दक्षिणा. पेशवाईत ब्राह्मणांना वाटायची ती दक्षिणा, इंग्रजांनी तिचाच काही भाग पुस्तकांच्या बक्षिसाकडे वळवलेला. म्हणजे दक्षिणेवर झोड उठवणारं नाटक दक्षिणेच्याच कमिटीपुढे. मला कित्येक दिवस वाटायचं की हा फुल्यांचा भाबडेपणा, त्यांना काय कळलं नसेल? आता वाटतं, चांगलंच कळलं असणार. दार माहीत असूनही मुद्दाम तेच ठोठावलं असेल.

त्यानंतर पन्नासेक वर्षांनी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'सुदाम्याचे पोहे', पुस्तक 1910 चं. पूर्ण नावात पुढे 'अठरा धान्यांचे कडबोळे' असं आहे, म्हणजे नावातच दोन पदार्थ. मराठी विनोदाची सुरुवात म्हणून सगळे ह्याच्यापुढे नमस्कार करतात, मीही करते, पण नमस्कार करून अर्धं पुस्तक बाजूला ठेवलं हे कबूल करते. वाक्यं लांबच लांब, कोट्यांवर कोट्या, आणि काही कोट्या समजायला आजोबांना उठवून विचारावं लागेल अशा. पण बंडूनाना आणि पांडूतात्या ही जोडगोळी जेव्हा सणावारांच्या आणि रूढींच्या मागे लागते तेव्हा मजा येते, आणि चोरांनी रीतसर संमेलन भरवायचं ही कल्पना तर आजही कुठल्याही संमेलनाला गेलं की आठवते. मला मात्र त्या नावाचंच जास्त कौतुक आहे. सुदाम्याने फडक्यात बांधून पोहे नेले, कृष्णाने एक मूठ खाल्ली आणि इकडे सोन्याची नगरी उभी राहिली, ही आपण भक्तीची गोष्ट म्हणून लहानपणापासून ऐकतो. एकदा सरकारी नोकरी लागली की तीच गोष्ट वेगळी ऐकू येते. देव माफ करो.

रशियन लेखक गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' मराठी माणसाला पुलंच्या 'अंमलदार'मुळे माहीत आहे. मी आधी पुलंचं बघितलं, हौशी मंडळींनी केलेलं, आणि पोट धरून हसले. मूळ नाटक इंग्रजीतून वाचलं ते चाळिशीत, आणि तेव्हा हसू आलं पण जरा वेगळ्या जागी. 1836 सालचं नाटक. आडगावात बातमी येते की राजधानीतून वेषांतर करून तपासणीस येणार आहे, आणि खानावळीत पैसे थकवून पडलेल्या एका उडाणटप्पू पोराला सगळे तो तपासणीस समजतात. हा ख्लेस्ताकोव पहिल्यांदा भेटतो तेव्हा भुकेलेला आहे. उधारी झाली म्हणून खानावळवाला जेवण देत नाही, मग एकदाचं सूप येतं तर त्यात चरबीऐवजी पिसं तरंगतायत, मांस आहे की कुऱ्हाड भाजून आणलीय कळत नाही, आणि हा शिव्या देत देत सगळं संपवतो. तासाभरात हाच माणूस गावच्या मुख्य अधिकाऱ्याच्या घरी पाहुणा होतो, मस्त जेवून डुलत डुलत येतो आणि मग अशा काही थापा मारतो की त्याला स्वतःलाच त्या खऱ्या वाटायला लागतात. त्याने काही ठरवून फसवलेलं नाही. लोकांनी वाढलं, ह्याने खाल्लं.

पण मी ज्या जागी थांबले ती वेगळी. गावातले व्यापारी ह्या बनावट साहेबाकडे तक्रार घेऊन येतात. तक्रार काय, तर गावचा अधिकारी आम्हाला लुटतो, दुकानात येतो आणि दिसेल ते उचलून नेतो. बरोबर आहे, खरं आहे, तो नेतोच. आणि ही तक्रार करायला येताना ते सोबत काय आणतात? वाईन आणि साखरेच्या ढेपा. त्याचा नोकर ओसिप तर आणलेली सुतळीसुद्धा सोडत नाही, म्हणतो द्या इकडे, प्रवासात उपयोगी पडेल. लाचखोरीची तक्रार करायला लाच घेऊन आलेले लोक, आणि त्यांना स्वतःला त्यात काही विनोदी वाटत नाहीये, ते अगदी कळवळून बोलतायत. हे मी लोकलच्या डब्यात उभ्याने वाचत होते, फिस्सकन हसले, शेजारच्या बाई बघायला लागल्या. आणि दादरपर्यंत हसू गेलं होतं. कारण मला आमच्या काउंटरवर येणारी माणसं आठवली, हातात पिशवी घेऊन येणारी.

ह्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला खुद्द झार येऊन बसला होता, आणि हसला. 'सगळ्यांना बसली, मला सगळ्यात जास्त,' असं काहीतरी तो म्हणाला अशी गोष्ट सांगतात. म्हणजे पुढची खुर्ची तिथेही होती, रुमालही असेल. गोगोलने नंतर नाटकाला एक म्हण जोडली, तोंडच वाकडं तर आरशाला नावं कशाला ठेवता, आणि त्या अधिकाऱ्याच्या तोंडी प्रेक्षकांना उद्देशून वाक्य घातलं, कुणाला हसताय, स्वतःलाच हसताय. मला वाटतं ही नंतरची भर घालायची वेळ त्याच्यावर त्या पुढच्या खुर्च्यांनी आणली असावी. पुरावा काही नाही माझ्याकडे, आपला अंदाज.

'जाने भी दो यारो' (1983) बद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्यावर सगळेच लिहितात आणि महाभारताच्या सीनची क्लिप मला वर्षातून दहा वेळा येते, तो सीन आता मला हसवत नाही. मला कमिशनर डिमेलो आठवतो, सतीश शहाचा, केक खात खात 'थोडा खाओ, थोडा फेको' सांगणारा. आणि त्याहून जास्त भक्ती बर्वे. आपली फुलराणी! ती इथे 'खबरदार' नावाच्या मासिकाची संपादक आहे, भ्रष्टाचार उघडा पाडणारी, आणि मग हळूच कळतं की तिलाही आपला वाटा पाहिजे. ते वळण मला पहिल्यांदा अजिबात आवडलं नव्हतं. निदान एक तरी स्वच्छ ठेवायचा ना, असं झालं होतं. आता वाटतं, कुंदन शहांनी तिला पंगतीत बसवलं नसतं तर शेवटी त्या दोन फोटोग्राफर पोरांच्या अंगावर जेलचे कपडे बघून जे पोटात कालवतं, ते कालवलं नसतं.

'सिंहासन' तर त्याच जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांचीच पटकथा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून, 1979 चा. पण तिकडे माझी नजर मुख्यमंत्र्यांकडे जात नाही, अरुण सरनाईक कितीही देखणे दिसले तरी. मी बघते दिगू टिपणीसला. पत्रकार. सगळ्यांच्या बैठकीत असतो, सगळ्यांचं ऐकतो, सगळ्यांना माहीत असतं की ह्याला सगळं माहीत आहे. आणि तो निळू फुले. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी ज्याला प्रश्न विचारला जात होता तोच माणूस आता प्रश्न विचारायच्या बाजूला येऊन बसलाय, खांदे पाडून, थकलेल्या डोळ्यांनी. शेवटी दिगूला वेड लागतं आणि तो हसत सुटतो. तो हशा कॉलनीतल्या खुर्च्यांच्या हशासारखा नाहीये. तो पचलेला नाहीये.

मध्येच एक सांगते, मला एका वाक्याचा आता भयंकर कंटाळा आलाय. 'आजच्या काळात असा सिनेमा निघूच शकत नाही.' कुठल्याही जुन्या सिनेमाखाली पहिली कॉमेंट हीच. निघतात हो. 'देऊळ' 2011 चा आहे, सुवर्णकमळ मिळालंय त्याला. हरवलेली करडी गाय शोधताना झाडाखाली डुलकी लागलेल्या केशाला दत्त दिसतात आणि बघता बघता गावात दवाखान्याच्या जागी देऊळ येतं. त्यातही मला राग नाना पाटेकरच्या भाऊचा येत नाही, तो काय, तो वारं बघून छत्री उघडतो. माझा जीव अडकतो प्रभावळकरांच्या अण्णांत. शिकलेला, सभ्य, सगळं समजणारा माणूस. त्याला बरोबर दिसतंय काय चाललंय, तो सौम्य शब्दांत सांगूनही बघतो, आणि मग शांतपणे बाजूला होतो. अशी बाजूला होणारी माणसं आपल्याला फार आवडतात. आमच्या सोसायटीत निम्मे अण्णा आहेत.

तर मारुती कांबळे.

त्या वाक्याचं आपल्याकडे काय झालंय माहितीये का? म्हण झालीये. आमच्या ऑफिसात (नाव नको, निमसरकारी, मी आस्थापना शाखेत आहे) फाईल सापडेना की कुणीतरी हमखास म्हणतं, 'मारुती कांबळेचं काय झालं?' सगळे हसतात, कुणीतरी चहा सांगतो, फाईल तशीच गायब राहते. ज्या प्रश्नाने सिनेमात हिंदुरावाची झोप उडाली तो प्रश्न आमच्याकडे ताण हलका करायला वापरतात. मीसुद्धा वापरते. मी तर सगळ्यात जास्त, कारण आमच्यात तो सिनेमा सगळ्यात जास्त वेळा मीच बघितलाय आणि मला तो लागूंच्या आवाजात म्हणता येतो.

2009 च्या आसपासची गोष्ट. आमच्याकडचे एक शिपाई रिटायर झाले, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांच्या पेन्शनच्या आणि ग्रॅच्युइटीच्या कागदांत त्रुटी निघाली, सेवापुस्तकात दोन वर्षांच्या पडताळणीची नोंद नव्हती. नोंद करायचं काम त्यांचं नव्हतं, ऑफिसचं होतं, पण थांबले ते. त्रुटीचा शेरा माझ्या अक्षरात होता. मी एक रुपया खाल्ला नाही, हे आधीच सांगते. बघा, आधीच सांगावंसं वाटलं. मी फक्त शेरा मारून फाईल पुढे ढकलली कारण त्या दोन वर्षांची जबाबदारी अंगावर घ्यायला कुणी तयार नव्हतं आणि मी का घ्यावी? मग ती फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेली आणि एक दिवस कुठल्याच टेबलावर नव्हती.

मामा दर पंधरवड्याला यायचे. गावाहून एसटीने, सकाळच्या पहिल्या गाडीने, इस्त्रीचा शर्ट घालून. ज्या दाराशी तीस वर्षं स्टुलावर बसले त्याच दारातून आता 'येऊ का?' विचारून आत यायचे. एकदा असेच आले, मी आवक-जावकच्या टेबलाला हाक मारली, तिकडून नेहमीचं उत्तर, बघतो मॅडम. आणि माझ्या तोंडून गेलं, अगदी लागूंच्या आवाजात, 'मारुती कांबळेचं काय झालं?' सगळी शाखा हसली. मामाही हसले, थोडंसं, बाकीचे हसले म्हणून. मग जरा पुढे वाकून मला विचारलं,

'कोण हो मॅडम हे कांबळे? आपल्याकडंच होते का? त्यांची पण फाईल अडकलीय?'

मी काहीच बोलले नाही. मागून कुणीतरी म्हणालं, 'नाही हो मामा, पिक्चरमधलं आहे ते.'

'असं होय,' म्हणाले. पुन्हा हसले. आणि बाकावर जाऊन बसले.

मी त्या दिवशी उठून सगळी कपाटं धुंडाळली आणि फाईल शोधून काढली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. त्या दिवशी मार्चअखेरची कामं होती. फाईल सापडली पुढे ऑगस्टात, ऑडिट आलं म्हणून जुनी बाडं सोडली तेव्हा, भलत्याच कुणाच्या प्रवासभत्त्याच्या बिलांत बांधलेली. मग पडताळणीची नोंद झाली, ज्याला दीड वर्षं कुणी तयार नव्हतं ती नोंद करायला दहा मिनिटं लागली, सही मिळाली, केस पुढे गेली.

पैसे जमा झाले त्या आठवड्यात मामा आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. साताऱ्याचे कंदी पेढे. साहेबांपासून सुरुवात करून एकेका टेबलाशी थांबत सगळ्यांना दिले, आवक-जावकलाही दिले. माझ्याकडे आले. मी म्हटलं, अहो कशाला मामा, एवढं. ते म्हणाले, घ्या ओ मॅडम, तुमच्यामुळं झालं. मी घेतला. त्यांनी अजून एक माझ्या हातावर ठेवला, म्हणाले, पोरीला न्या.

तोही घेतला. कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. संध्याकाळी लेकीने पर्समध्ये बिस्किटं शोधताना तो काढला, अर्धा तोंडात घालून विचारलं, कुणाचे गं हे?

म्हटलं, ऑफिसातल्या एकांचं काम झालं.